पावण्याचा नारू

चिमूरच्या केवळराम डॉक्टरांची सुई अख्ख्या पंचक्रोशीत गाजलेली. ताप असो, खोकला असो, नाहीतर सासूशी भांडून अंग दुखत असो, माणूस बंडी जुंपून यायचा आणि दंड पुढे करायचा. असा चालता दवाखाना, आणि १९५४ साली या माणसानं त्याला कुलूप लावलं! कशासाठी, तर कलकत्त्याला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकायला. सगळ्या चिमूरनं कपाळावर हात मारून घेतला.

याला कारण होता लटारू, आंबेझरीच्या तलावात मासे धरणारा ढिवर. दर उन्हाळ्यात त्याच्या पायातून नारू निघायचा. दोऱ्यासारखा तो हातभर किडा डॉक्टर काडीला गुंडाळत, रोज बोटभर ओढून काढत. चौथ्या वर्षी लटारूनं हसतच पाय पुढे केला. "घ्या डॉक्टरसाहेब, यंदाचा काढा जी!"

बाकावरचे सगळे रोगी खो खो हसले. डॉक्टरांना मात्र ते बोलणं झोंबलं. चार वर्षं आपण याला बरं करतोय आणि हा चारही वर्षं पाय धरून बसलाय. मग आपण केलं तरी काय, कपाळ?

वर्षभरानं ते पदविका घेऊन, सरकारी आरोग्य अधिकारी होऊन परत आले. फाल्गुनात आंबेझरीला आले ते थेट पायऱ्यांच्या विहिरीवर गेले आणि पेलाभर पाणी उन्हात धरून त्यात टक लावून बघत बसले.

"डॉक्टर बिघडला वं माय," लटारूची बायको मनकर्णा म्हणाली. "पहिले माणसाची नाडी पाहे, आता विहिरीची पाहून राह्यला."

डॉक्टरांनी माणसं जमवून समजावलं. नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, पाण्यातले बारीक किडे ती गिळतात, ते किडे आपल्या पोटात जातात आणि वर्षभरानं पायातून नारू निघतो. म्हणून नारूचा पाय घेऊन विहिरीत उतरायचं नाही आणि चौपदरी फडक्यानं गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

"अन् सुई?" लटारूनं विचारलं.

"सुई नाही."

"मंग कलकत्त्याले काऊन गेले होते जी? फडकं त आमच्या घरी बी होतं!"

तरी गाव ऐकत होतं. डॉक्टर ज्या घरी जात तिथे फडकं बांधलेल्या मडक्यातलं गार पाणी मिळायचं. डॉक्टर मनात फुलून जायचे. दोन महिने असे गेले. वैशाख सरता सरता एका दुपारी ते मनकर्णाकडे हात धुवायला मागच्या दारी गेले, तर तिथे आणखी एक मडकं. उघडं! लटारू त्यातलं पाणी घटाघटा पीत होता.

"हे काय?"

"ते आमचं जी," मनकर्णा सहज म्हणाली. "गाळलेलं तुमचं. तुमाले कलकत्त्याची सवय लागली नं, म्हनून घरोघरी पावण्याचं मडकं येगळं ठेवलं आमी."

म्हणजे दोन महिने अख्ख्या गावानं मिळून एकाच माणसाला नारूपासून जपलं होतं, तेही डॉक्टरला! डॉक्टरांचं डोकं असं भणाणलं की त्यांनी उघड्या मडक्यात पेला बुडवला आणि एका दमात रिकामा केला.

"आजपासून मी पावणा नाही. घरचे पितील तेच मी पिणार. कोणत्याही घरी, न सांगता येईन. आणि ऐका, येत्या चैत्र-वैशाखात निघतील ते जुने, आजवर प्यायलेल्या पाण्याचे. पण पुढच्या ज्येष्ठात या गावात एक जरी नवा नारू निघाला, तर नोकरी सोडून चिमूरला सुया टोचत बसेन!"

लटारूला तर हे आवडलंच, सुया परत येणार होत्या ना! मनकर्णाच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. पावण्याला तसलं पाणी पाजलं, लाजच गेली की! संध्याकाळपर्यंत घरोघरची उघडी मडकी पालथी झाली. डॉक्टर कधी उगवतील याचा नेम नव्हता ना. कधी पहाटे, कधी ऐन जेवणाच्या वेळी दारात हजर. "बाई, तहान लागली." मग सगळंच पाणी गाळून ठेवणं भाग पडलं. गावानं त्यांना नावच पाडलं, तहान्या डॉक्टर.

पुढच्या चैत्र-वैशाखात जुने नारू निघाले, पण एकही पाय विहिरीत बुडाला नाही. ज्येष्ठ लागला. लटारू कित्येक वर्षांत पहिल्यांदा भर ज्येष्ठात दोन्ही पायांवर तलावात उभा होता आणि सुयांचं नावही काढत नव्हता.

महिना संपायला चार दिवस उरले असताना डॉक्टर बंडीतून आले. लंगडत लटारूच्या अंगणात बसले आणि त्यांनी पायाची पट्टी सोडली. घोट्याशी काडी होती, काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला.

"त्या एका पेल्याचा," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. उद्या राजीनामा देतो." सुईकडे परत जायचं या विचारानंच त्यांना कसंतरी होत होतं.

लटारू खाली बसला, पाय मांडीवर घेऊन निरखू लागला.

"गावात कुठी निघाला नारू?" तो म्हणाला. "हा त पावण्याचा. पावण्याचा नारू गावाचा कसा होईन जी?"

"अरे, मी पावणा नाही असं मीच सांगितलं होतं ना?"

"तुमी सांगतलं. आमी कधी मानलं?" लटारूनं काडी हातात घेतली. "हलू नका. चार वर्सं पाहून शिकलो. यंदाचा मी काढतो."

अंगणभर हशा पिकला. डॉक्टर डोळे पुसत त्यात सामील झाले. मनकर्णानं पाण्याचा पेला पुढे केला. पेला घेता घेता डॉक्टरांनी सवयीनं मागच्या दाराकडे मान वळवली.

"काय पाह्यता जी?" ती म्हणाली. "आता एकच मडकं हाये."