दोरीला हात

सरकारने मासेमारीची भरभराट करायची ठरवली आणि न्दुम्बेच्या भट्ट्या विझल्या. सेनेगलच्या त्या किनाऱ्यावर कारखाना आला, माशांची भुकटी परदेशी कोंबड्यांना जाऊ लागली, आणि धुरी देऊन सुकवायला याबोय मासा उरेना. कारखान्याला सरसकट शिव्या घालाव्यात असंही नव्हतं. रस्ता झाला, दिवे आले, न्दुम्बेच्या धाकट्याला ट्रक चालवायचं काम मिळालं. थोरला बिराम होडीचा तांडेल. त्याने सगळा माल कारखान्याला द्यायचा करार केला होता.

"दोन टोपल्या तरी टाक की रे भट्टीला," ती म्हणाली.

"आई, करार केलाय. तुला काय कमी आहे? बस आता आरामात."

"आराम करतेय डोंबलाचा! हात धड आहेत अजून माझे."

पण एक गोष्ट कारखान्याच्या कागदात नव्हती. होडी वाळूवर ओढताना जो दोरीला हात लावील त्याला मासे द्यायचेच, हा किनाऱ्याचा रिवाज. कितीही चिक्कू तांडेल असला तरी त्याची नाही म्हणायची छाती होत नसे. समुद्र रुसला तर काय घ्या!

दुसऱ्या दिवशी बिरामची होडी टेकली तेव्हा धुरीवाल्या झाडून सगळ्या बायका घमेली घेऊन हजर. पुढे न्दुम्बे, मागे तिची मैत्रीण खुदिया.

"ओढा गं! सकाळी जेवला नाहीत का?" खुदिया ओरडली.

"आई, हे काय चालवलंयस?" बिराम होडीतून म्हणाला.

"तुला मदत करतेय, राजा. म्हातारी झाले म्हणून आईचा हात नको का तुला?"

किनारा खो खो हसला. बिरामने कपाळावर हात मारला, पण घमेलं एकेक भरून दिलं. कारखान्याचा ट्रक अर्धा रिकामाच गेला. भट्ट्या पेटल्या. न्दुम्बे धुरात खोकत होती, डोळे पुसत होती, आणि किती दिवसांनी सुखात होती म्हणून सांगू!

कारखान्याच्या साहेबाने मात्र बिरामला फैलावर घेतलं. पुन्हा असं झालं तर करार रद्द. रात्री बिराम आईच्या नजरेला नजर न देता जेवला, आणि तिला काय ते कळलं.

सकाळी बायका वाळूत उभ्या राहिल्या. बिरामची होडी लाटांवरून आली, त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि कारखान्याच्या धक्क्याला लागली. तिथे यंत्र मासे उपसतं, दोरी लागतच नाही. हळूहळू बायका पांगल्या. खुदियासुद्धा रिकामं घमेलं उचलून गेली. न्दुम्बे तेवढी थांबली.

उन्हं चढल्यावर बिराम वाळू तुडवत आला. डोक्यावर घमेलं. आजवर कुठल्या तांडेलाने असं बायकांसारखं घमेलं वाहिलं नव्हतं. पोरं फिदीफिदी हसत होती, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. त्याने घमेलं आईपुढे ठेवलं.

"माझ्या वाट्याचे आहेत. रोज आणीन. तुला कधी कमी पडू देणार नाही."

न्दुम्बेला भरून आलं. पोरगं वाईट नव्हतंच तिचं. तिने डोक्याच्या रुमालाने त्याच्या मानेवरचं खारं पाणी टिपलं.

"हे जेवायला झालं, बाळा," ती म्हणाली. "मी काम मागितलं होतं."