स्वतःच्या शब्दांत

मल्लेश्वरमला हयवदन कट्टीच्या घरी आम्ही चौघे संगणकवाले दर रविवारी राक्षस मारत असू. टेबलाभोवती बसायचं, एकानं योद्धा व्हायचं, एकानं मांत्रिक, आणि पुढे काय घडलं ते फाशांनी ठरवायचं. नियमांचं अमेरिकन पुस्तक श्रीकांतचं. शहाण्णव साली श्रीकांतचं पुस्तकासकट अमेरिकेला जायचं ठरलं. ते छापणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. आता रविवारही बुडणार होता.

झेरॉक्स काढा, असं कुणीही सांगितलं असतं. आमच्या पदव्या झेरॉक्सवरच उभ्या होत्या. पण हयवदनला मराठीत पुस्तक छापायचं होतं, बेळगाव-नागपूरच्या पोरांनीही खेळावं म्हणून. तो शेजारच्या प्रतापरावांकडे गेला. ते निवृत्त वकील.

"नियम कुणाच्या मालकीचे नसतात, वाक्यं असतात," प्रतापराव म्हणाले. "कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाही. भाषांतरही चालणार नाही. स्वतःच्या शब्दांत लिही."

हयवदन बोर्डात आलेला मुलगा. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्यांचे मार्क जातात, हे त्याला शाळेपासून ठाऊक. पुस्तक तोंडपाठ. लिहायला बसला की कागदावर पुस्तकच उतरे, फक्त मराठीत. प्रतापरावांनी दोनदा परत पाठवलं. हयवदन फासे माळ्यावर टाकायला निघाला.

त्याची बायको श्वेता पुण्याची. तिला आमच्या रविवारांचा तिटकारा. तरी पेपर बाजूला ठेवून ती समोर बसली आणि म्हणाली, मला समजाव. त्यानं पाठ म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला तिनं अडवलं.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे... मांत्रिकाकडे दिवसाला एकच मंत्र. तो संपला की गुपचूप मागे राहायचं."

"आणि मेला तर? बाकीच्यांचं आटपेपर्यंत तसाच बसणार?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. हयवदननं हातातले फासे खुळखुळवले. मग म्हणाला, "मेलेल्यानं राक्षसाच्या बाजूनं खेळायचं."

"मग मी आधी मरते," श्वेता म्हणाली. "हे लिही."

ती रोज विचारत गेली आणि तिला जे सांगितलं तेच तो लिहीत गेला. श्रीकांतच्या विमानाआधी प्रतापरावांनी पुस्तक आणि हयवदनचे कागद शेजारी ठेवून दिवसभर वाचलं, चष्मा काढला.

"कट्टी, यातलं एकही वाक्य पुस्तकाशी जुळत नाही."

हयवदन उठून उभा राहिला.

"सॉरी सर," तो म्हणाला. "पुन्हा लिहून आणतो."