प्रॉम्प्टर दाराबाहेर

प्रेमिलाबाईंनी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवला आणि खाली येऊन न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. नळाची धार बारीक झाली, थांबली, आणि आतला आवाज उघडा पडला.

"...तुझे हात रिकामे होते, हे... हे..." नळ थांबल्याचं आतही कळलं. "प्रेमिला! पाणी काहून बंद केलं वं?"

"तुम्ही आंघोळ करून राहिले का पाठांतर?"

"तुले ऐकू येऊ नये म्हणून तर नळ सोडला होता! लॉजचं आहे ते. बाहेरच्यानं नाही ऐकायचं."

'बाहेरच्यानं' हे बाईंना झोंबलं. अडतीस वर्षं त्या ताराचंदरावांच्या प्रत्येक नाटकात विंगेत वही धरून बसल्या होत्या. सगळ्या विदर्भाला हसवणारा हा नट ऐन प्रवेशात अडला, तर त्या शब्द सांगत नसत. मनगट हलवून बांगड्या एकदा वाजवत. मी आहे, घाई नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढचं वाक्य ताराचंदरावांना आपोआप सापडे आणि लोक म्हणत, काय थांबतो हा माणूस! आता फ्रीमेसन नावाच्या पुरुषांच्या गुप्त मंडळाच्या, म्हणजे लॉजच्या, या एका भाषणासाठी त्याच बाईंपासून वही लपवली जात होती.

मार्चमध्ये लकवा आला. पाय सुधारला, पण तोंडाचा डावा कोपरा ओघळला आणि शब्द निसटू लागले. कळमन्याच्या बाजारात संत्री घ्यायला गेले तर आडते पोट धरून हसले. "वा ताराचंदभाऊ, नवीन सोंग!" हे सोंग नाही, असं सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. त्यांनी तिथंच चार पावलं वेडीवाकडी टाकून दाखवली, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर घराबाहेर पडणं बंदच झालं.

लॉजचे प्रमुख धर्मेंद्रजी समजूतदार माणूस. रविवारी नवा सभासद येणार, दानाबद्दलचं ते भाषण त्याच्यासमोर तोंडपाठच म्हणावं लागतं, कागद चालत नाही. तेव्हा यंदा दुसऱ्या कुणाला सांगू, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ताराचंदराव हट्टाला पेटले.

"या पोट्ट्यासमोर मीच बोलीन. नाही जमलं तर त्याच दिवशी सभासदकीचा ॲप्रन लॉजले परत देतो आन् तोंड कायमचं बंद."

या माणसानं आयुष्यभर बाकी सगळी थट्टा केली होती, पण ही थट्टा नव्हती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या न्हाणीघराच्या दारापासून वळल्या, गच्चीवर गेल्या आणि कॉक पुन्हा उघडून आल्या.

रविवारी सकाळी सदर भागातल्या लॉजच्या जुन्या इमारतीत खाली बायका जेवणाच्या तयारीला लागल्या होत्या. बाई मुकाट वर गेल्या. बंद दाराबाहेर पोस्टातून रिटायर झालेले सुशीलभाऊ उघडी तलवार धरून उभे होते. आत सभा चालू असताना दारावर असा पहारा ठेवायची इथली रीत.

"वहिनी, इथं नाही थांबता येत."

"मग चालवा तलवार," असं म्हणून बाई पायरीवर बसल्या.

सुशीलभाऊंनी जरा विचार केला आणि जिन्याकडे पाठ फिरवली.

आज नळ नव्हता. "दारात आलास तेव्हा तुझ्याजवळ एक पैसाही राहू दिला नाही," ताराचंदराव आत म्हणत होते. "मग तुझ्याकडे दान मागितलं आणि तुझे हात रिकामे होते, हे..."

थांबले.

टाळी घेण्यासाठी थांबणं कोणतं आणि अडणं कोणतं, हे बाईंइतकं कुणाला कळणार? ते अडले होते. बाईंचा उजवा हात आपसूक उठला. दार जुनं, फटीफटीचं. बांगड्यांचा आवाज आत गेला असता आणि कुणालाही न कळता सुटका झाली असती.

त्यांनी डाव्या हातानं उजव्या मनगटातल्या बांगड्या गच्च आवळल्या. आज त्यांचं त्यांनाच सापडू दे. काच कातडीत रुतत होती, पण त्यांनी मूठ सैल केली नाही.

आत कुणाची तरी खुर्ची करकरली.

"हे... देताना विसरू नकोस," ताराचंदराव म्हणाले. धापा टाकत, पण शेवटपर्यंत. "दे, आणि दिलेलं कुणाला सांगू नकोस. घेणाऱ्यालाही नाही."

जेवणाच्या पंगतीत बाई वरण वाढत आल्या तशी नव्या सभासदानं उठून त्यांना वाकून नमस्कार केला. तिशीच्या आतला पोरगा. मिशीखालून नाकापर्यंत गेलेली एक पांढरी, बारीक रेघ.

"काकू, मी सौरव. पारशिवनीच्या रंभाबाईचा."

बाईंच्या हातातला डाव थांबला. रंभाबाईचं तान्हं. ओठ नाकापर्यंत फाटलेला, पाजलेलं दूध नाकातून येई. तीन ऑपरेशनं झाली होती आणि त्यात ताराचंदरावांच्या तीन हंगामांची कमाई गेली होती. रंभाबाईला सांगितलं होतं, लॉजकडून आहे.

"लॉजच्या कोण्या माणसानं माझ्या ऑपरेशनचे पैसे भरले म्हणे," सौरव सांगत होता. "मायले नाव आजवर नाही समजलं. म्हणून म्हटलं, आपणही इथंच यावं. तुम्हाले माहीत असन काय, काकू?"

त्याच्या खांद्यावरून बाईंना पलीकडे ताराचंदराव दिसले. घास हातात धरून ते बाईंकडेच पाहत होते.

"असंल कोणी, बाप्पा. तू जेव पहिले."

परतताना ऑटोत ताराचंदराव म्हणाले, "तू जिन्यावर होती. सुशीलचं तोंडच सांगून राहिलं होतं. मग बांगड्या काहून नाही वाजवल्या?"

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं चूप राहिले. मले अर्धा मिनिट नाही जमणार?"

त्यांनी बाईंचा हात मांडीवर घेतला. मनगटावर लाल वळ उठले होते. त्यावरून ते अंगठा फिरवत बसले.

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं त्यांना ओळखलं आणि वाकडं तोंड पाहून तो खळखळून हसला. ताराचंदरावांनी ऑटोतून डोकं बाहेर काढलं.

"सोंग नाही गा हे, लकवा आहे," ते म्हणाले. "पण तू हास."