खुशीची फुगडी

"हात वर कर, खुशी. आणि श्वास सोड. पोट आत घेऊन माप दिलंस तर नाचताना ब्लाउज उसवेल," मटिल्डा मिस म्हणाल्या, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"मिस, मंगळागौरीच्या नाचात मुलगे नाहीत."

"मुलगा आहे कुठे?" मिसनी टेप गळ्यात टाकली. "नऊजणी होत्या, सर. फुगडीला एक एकटीच उरायची. आता जोड्या जमल्या."

मी मराठीची शिक्षिका, कोपऱ्यात मुलींकडून गाणी बसवून घेत होते. तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

साल दोन हजार तीन. आमची शाळा आचोळ्याला. मिस शिवण शिकवायच्या. शनिवारी शाळा सुटली की त्यांच्या वर्गात मंडळ भरे. मुली सायकलचं पंक्चर काढत, मुलगे रांगोळी शिकत. नियम एकच. ज्याने जे नाव सांगितलं, त्याच नावाने हाक मारायची. हजेरीपटावर प्रितेश असलेली ही नववीतली पोर पहिल्याच शनिवारी म्हणाली, "मी खुशी." तर तिच्याच वर्गातली पिंकी म्हणते, "बरं खुशी, सरक ना जरा, मला बसायचंय." झालं. बाहेर तिला काय काय हाका ऐकाव्या लागत, ते आजही माझ्याने लिहवत नाही.

सर वाईट नव्हते, घाबरट होते. "उद्या पालक शाळेवर चालून आले तर मी काय सांगू? हिच्या आईने माझ्यासमोर हो म्हणावं. नाहीतर नाच नाही, आणि हे मंडळही बंद."

"आईला मी आणते," खुशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुशीची आई, कमळी, आली. खाडीकाठच्या शेतातली भाजी बाजारात विकून, रिकामी टोपली घेऊन तशीच.

"ताई, इथे हिला खुशी म्हणतात," मिसनी आधीच सांगून टाकलं.

"माझी लुगडी कोन नेसून बगतं, ते मला काय ठाव नाय?" एवढं बोलून ती भिंतीला टेकून बसली. हो नाही की नाही नाही. सर खुर्चीत अवघडलेले. तालीम सुरू झाली. पिंकी आणि खुशी फुगडीला उभ्या राहिल्या, दोन गिरक्या झाल्या असतील नसतील.

"थांबवा."

कमळी उठून पुढे आली होती.

"असं हात धरतात काय? सुटलं तर डोकी फुटतील. तू सरक गं पोरी." तिने पदर खोचला, हातांची अढी घातली, पायाला पाय लावले. "गौरीला आमी अंगन उकरून काडायचो. ये. भिऊ नको, मागं झुक."

आणि त्या फिरल्या! आधी सावकाश, मग असा वेग घेतला की कोण आई, कोण लेक कळेना. बांगड्यांचा नुसता खणखणाट. खुशी मोठ्याने हसत होती. शाळेत मी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. खिडक्यांना दहावीची पोरं लटकलेली. मी गाणं विसरून टाळ्या पिटत होते.

दोघी थांबल्या. धापा टाकणाऱ्या कमळीला सर म्हणाले, "मग ताई, तुमची परवानगी समजू ना?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "मिस, साबन हाय काय? नि वाईच पानी."

खाली बसून तिने खुशीच्या हाताला साबण चोळला, स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून चढवू लागली. खुशीचा पंजा रुंद. दोन बांगड्या पिचल्या. "आंगठा आत घे. आनखी घे." खुशीने ओठ मिटून घेतले होते. सर उठले आणि बाहेर जाऊन शिपायाला म्हणाले, "स्टेजवर दहाजणींची जागा करा."

सवाष्णीने हात मोकळे ठेवू नयेत, म्हणून कमळीने आपल्या हातांत एकेक बांगडी तेवढी राहू दिली. मग टोपली डोक्यावर घेऊन निघाली. टोपली धरायला तिने हात वर केला, तशी त्या हातातली एकटी बांगडी मनगटावरून खाली घरंगळली, न वाजता.