बोंडलंभर औषध

मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. लहानशा वाटीसारखं पोट आणि त्याला पुढे काढलेली चोच. तान्ह्या बाळाच्या तोंडात दूध किंवा औषध ओतायचं, हे माझं काम. नगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर गोजरबाईंच्या घरी मी आलो. त्यांची चारही मुलं माझ्याच चोचीतून एरंडेल प्यायली. तोंडं वेडीवाकडी केली, पण प्यायली. शेजारणी मला मागून नेत आणि मी भाव खात असे.

मला एक खोड आहे. पोटात जे ओतलं जाईल ते कशाचं आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गोजरबाईंची सून मनकर्णा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. तिची दीड वर्षांची लेक झुंबर आजीजवळ राही. बाहेर फुफाटा, त्यात लोकांची दृष्ट, म्हणून आजी तिला दिवसभर आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवी. पोर काही पाऊल टाकेना. उभी केली की पाय कमानीसारखे वाकत.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मुडदूस सांगितला. गोजरबाईंनी लाल टॉनिकची मोठी बाटली आणायला सांगितली होती. मनकर्णा घेऊन आली बोटभर बाटली, पिवळ्या तेलकट औषधाची, आणि सोबत रबरी टोपीची काचेची नळी.

"ह्यात ड जीवनसत्त्व हाय म्हनं," ती सांगू लागली. "दुधातला चुना हाडात बसवतंय. रोज पाच थेंब, दुधातनं. आन सकाळचं ऊन द्यायचं."

मी अगदी कान देऊन ऐकत होतो. उन्हाचा आणि पायांचा काय संबंध? चुना हाडात शिरतो तरी कसा?

गोजरबाईंनी मात्र नळी बाजूला सारली. "पाच थेंबांनं दात बी वलं व्हायचं न्हाईत. अर्दं बोंडलं तरी जाऊ दे पोटात."

"पन आत्याबाई, डाक्टर..."

"म्या चार लेकरं वाढवली हायेत."

मनकर्णेने नळी कोनाड्यात ठेवून दिली. मीही फुशारून गेलो होतो. चौथ्या दिवशी बाटली रिकामी झाली. गोजरबाईंनी बाजारातून आणखी दोन मागवल्या.

पंधरवड्यात झुंबर जेवेना. सारखी ओकायची, सारखं पाणी मागायची, मान टाकून पडून राहायची. गोजरबाई म्हणाल्या, "औषिद कमी पडतंय." मनकर्णेने पोरीला पाठीशी बांधलं, वाटेत पाणी पाजायला मला गाठोड्यात घेतलं आणि दवाखाना गाठला. तिन्ही बाटल्या संपत आल्या तरी पोर अशीच, असं तिने सांगितलं.

तिथले कंपाउंडर गनीभाई मोठे चौकस. "ताई, ती बाटली महिनाभर पुरायची. पंधरवड्यात तीन कशा संपल्या? औषध पाजता कशानं?"

मनकर्णेने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. सासूची चूक चव्हाट्यावर आणायची कशी, हे तिला उमजत नव्हतं. शेवटी तिने मला काढून टेबलावर ठेवलं. "ह्यानं. रोज अर्दं भरून."

गनीभाईंचा चेहरा उतरला आणि त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. हे औषध लघवीवाटे लवकर निघून जात नाही, अंगात साठत जातं, आणि मग रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, इतका वाढतो की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरीला तसंच नगरला हलवलं. बारा दिवस ती जगते की नाही याचा भरवसा नव्हता. मला माझ्या पोटाची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई नगरला आल्या. तिथल्या डॉक्टरांनी मनकर्णेला झापायला सुरुवात केली, तशा त्या पुढे झाल्या. "म्याच दिलं. सुनंचा दोस न्हाई."

झुंबर वाचली. दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध पुन्हा सुरू झालं. गोजरबाईंना मोजायची खात्री वाटेना, म्हणून त्या ज्वारीचे पाच दाणे मांडून बसत. दुधात एक थेंब पडला की एक दाणा माझ्यात टाकत. दाणे संपले की नळी बंद. मग नातीला अंगणातल्या कोवळ्या उन्हात बसवत. चुना हाडात कसा शिरतो ते मला अजून दिसलेलं नाही, पण पावसाळ्याच्या तोंडाला झुंबर भिंत धरून चालू लागली, हे मी स्वतः पाहिलं.

पुढे एकदा शेजारच्या आक्काबाई डॉक्टरांकडची नवी बाटली घेऊन मला मागायला आल्या.

"किती द्यायचंय?" गोजरबाईंनी विचारलं.

"बोंडलंभर, आन किती?"

गोजरबाईंनी मला मांडीवरून हलू दिलं नाही. "ह्याच मापानं म्या माजी नात मारत हुते, आक्का. आदी ईचारून ये."

आक्काबाई आल्या पावली दवाखान्याकडे वळल्या. मित्रांनो, तुमच्या घरी औषधाची बाटली आली तर तुम्हीही आधी माप विचारून या. उशीर झाला तरी चालेल. तोवर मी रिकामाच बरा.