गिडम

माझी धाकटी बहीण सरजाबाई हिला लकवा झाला आणि तिची मराठी गेली. बोलणं गेलं नाही. मराठी गेली. राहिली ती आम्ही दोघींनी लहानपणी उसाच्या फडात केलेली भाषा.

आई-बाप ऊस तोडायचे, आम्ही उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करायचो. मुकादम मागं उभा राहून ऐकायचा, कोण दमलं, कोणाचं पोट दुखतंय. म्हणून त्याला कळणार नाहीत असे शब्द आम्ही केले. गिडम म्हणजे मुकादम. सुली म्हणजे मोळी बांधायची दोरी. कुनू म्हणजे कान. रुमा म्हणजे नाही. 'गिडम पेल' म्हणजे मुकादम गेला, आता बस. असे शे-दीडशे शब्द असतील.

तिच्या दिराला, भुजंगला, एवढं निमित्त पुरलं. सरजाबाई विधवा, पोटी मूल नाही, नावावर बोरीच्या शिवारात तीन एकर. त्यानं तहसिलात अर्ज टाकला की भावजय वेडी झाली आहे, जमीन माझ्या ताब्यात द्यावी. तहसिलानं सरकारी डॉक्टरचा दाखला मागितला. म्हणून मी तिला धरून दवाखान्यात नेलं. भुजंग फाटकापाशी उभा राहिला, कागद घेऊनच जाणार म्हणून.

"नाव काय बाई?" डॉक्टरनं विचारलं. मी ते तिला आमच्या शब्दांत विचारलं.

सरजाबाई म्हणाली, "लोमी."

"लोमी म्हंजे सरजा," मी म्हणाले. "मी ठिवलेलं नाव हाय."

"कुठली भाषा ही? तेलुगू?"

"आमची. दोघींची. आमीच केली."

डॉक्टर कंपाउंडरकडं बघून हसला. "मुंजाजी, आता सरकारनं हिच्यासाठी दुभाषी नेमायचा."

"जागा काढा साहेब," मुंजाजी म्हणाला, "मी अर्ज करतो."

दोघंही पोटभर हसले. सरजाबाईला वाटलं काहीतरी चांगलं झालं, तीही अर्ध्या तोंडानं हसली. ते हसू बघून माझं डोकं फिरलं.

"पारख करा," मी म्हणाले. "मी भाईर जाते. हिला एखादी चीज दावा. मंग मला आत बोलवा. ही सांगंल, मी वळखते."

डॉक्टरला गंमत वाटली. मला व्हरांड्यात काढून त्यानं दार लोटलं. समोरच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं होतं, 'नामांतर झालेच पाहिजे'. खाली गेरूनं दुसऱ्या कोणी लिहिलं होतं, 'होऊ देणार नाही'. चोपन्नाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात बसले, पण अक्षरं पक्की झाली ती अशा भिंतींवर. भांडणारे दोघंही मोठ्या अक्षरात लिहायचे.

मुंजाजीनं हाक मारली. मी आत गेले. डॉक्टरचे हात रिकामे होते. बहिणीला विचारलं. त्या वस्तूला आमच्याकडं शब्दच नव्हता. तिनं जुनेच शब्द जोडले, "गिडम कुनू सुली."

"मुकादमाची कानाची दोरी," मी म्हणाले. "तुमची ती नळी. गळ्यात घालायची."

मुंजाजीचं हसणं थांबलं. "बराबर हाय साहेब. नळीच दावली."

"आणि मुकादम कोण?" डॉक्टरनं विचारलं.

"तुमी."

त्यानं भराभर लिहिलं, शिक्का मारला आणि शाईची गादी माझ्याकडं सरकवली. "साक्षीदार म्हणून अंगठा लाव."

मी कागद उचलला. एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "असंबद्ध बडबड. बोध नाही."

डॉक्टरनं मान वर केली.

"तुला वाचता येतं?"

"न्हाई येत वाटलं म्हणून लिवलं का?"

"हे बघ बाई, भाषेच्या खान्यात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू. तुझी कुठं लिहू? आणि सरकारमान्य दुभाष्याशिवाय..."

"ही भाषा दोघींला येती, साहेब. एक तुमच्या बाकड्यावर बसलीय, दुसरी तुमच्यापुढं उभी हाय. तिसरी सरकार कुठून आणणार? सगळी पारख झाल्यावर बी तुमी खोटं लिवलं. तिचं शेत जायलंय, अन् तुमाला खाना गावंना. आता खोडा. न्हाईतर मी हितंच बसते, अन् जो रोगी येईल त्याला हे वाचून दाखवते."

व्हरांड्यातल्या बाकावरचे दोघे-तिघे रोगी दारापर्यंत आलेच होते. डॉक्टरनं ओळ खोडली. वर लिहिलं, 'बहिणीमार्फत प्रश्नांची बरोबर उत्तरे देते. समज शाबूत.' मी ते दोनदा वाचलं, मग सही केली. दगडाबाई. 'ड' वाकडा आला. शाईची गादी त्याच्याकडं परत ढकलली.

फाटकापाशी भुजंगनं हात पुढं केला. "काय लिवलं, दगडाबाई?"

"वाच," मी म्हणाले आणि कागद त्याच्या नाकापुढं धरला.

तो कागदाकडं बघत राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं. शाळेत जायचं वय होतं तेव्हा त्याच्या घरी गडी होते, कागद वाचायला दुसरे असायचे, त्यामुळं अक्षरावाचून कधी अडलंही नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं नाही. कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला. तो उद्या मीच तहसिलात देणार होते.

सरजाबाईनं डॉक्टरच्या खोलीकडं मागं वळून बघितलं. माझा हात दाबून म्हणाली, "गिडम पेल."

"रुमा," मी म्हणाले.

भुजंग अजून समोरच उभा होता.