कुंपणापलीकडचा कोंब

अर्लिस टोलेफसनच्या घराच्या उत्तरेला ऊन असं कधी पडतच नसे. दोन जुने मेपल आणि त्यात घराची सावली. तिथे फुलझाडं लावायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. सावलीतच वाढणारे, नुसत्या पानांचे होस्टा मात्र असे माजले होते, की पाय ठेवायला जागा उरली नव्हती. निळसर, ताटाएवढी पानं. स्कूलबस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती सकाळची कॉफी घेऊन त्यांच्यातच वावरायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला कुंपणाशी एक कोंब दिसला. गड्डा तिचाच, पण पसरत पसरत जाळीखालून पलीकडे गेलेला, आणि कोंब फुटला होता तो नेमका वीतभर शेजारच्या हद्दीत. पानं मधोमध लोण्यासारखी पिवळी, कडेला तेवढा निळा काठ. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बावीस वर्षांत या झाडाने असलं काही केलं नव्हतं.

“खत जास्त झालं असेल,” धाकटी बहीण आयलीन फोनवर म्हणाली.

“अगं, खताने काठ येतो का? झाड आपल्या मनाने बदललंय. होतं असं, हजारात एखादं.”

“मग उपटून आण की तुझ्या बाजूला!”

“दुसऱ्याच्या अंगणातून?”

पलीकडे वेंडेल क्योस राहायचा. शेत मुलीच्या हवाली करून गेल्या हिवाळ्यात गावात आलेला, एकटा. बर्फ उपसताना हात हलवण्यापलीकडे दोघांची ओळख नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर कोंबावर दुधाचा क्रेट पालथा घातलेला, वर वीट. सकाळी क्रेट गायब. संध्याकाळी पुन्हा हजर. असं चार दिवस चाललं. हा माणूस करतो तरी काय? पाचव्या दिवशी तिने रुबार्बच्या आंबट देठांचा केक भाजला आणि रस्त्याने वळसा घालून त्याचं दार ठोठावलं.

“केक हे निमित्त आहे,” ती म्हणाली. “तो क्रेट कशासाठी?”

वेंडेल हसला. “रोज खिडकीतून वाकून बघता, म्हटलं येणारच. अहो, दिवेलागणीला हरणी येते. माझ्या बाजूची बाकी सगळी पानं तिने फस्त केली, हा एकटा वाचला. मक्यात असं पिवळं रोप दिसलं की आम्ही रोग समजून उपटायचो. पण हे काही आजारी दिसेना. म्हटलं, बघू तरी काय होतंय.”

“आजारी नाही. नवीन आहे.”

“नवीन? ते कशामुळे?”

“ते मलाही माहीत नाही.”

या उत्तराने तो खूशच झाला. केक कापायचा राहिला आणि दोघं कुंपणाशी जाऊन उकिडवे बसले.

ऑगस्टअखेर त्याने जाळीत माणूस जाईल एवढी वाट कापली, आणि अर्लिसने पाव कापायच्या जुन्या सुरीने गड्डा चिरला. वेंडेलने तोंड फिरवलं.

“शेतकरी ना तुम्ही? डुकरं कापलीत ना आयुष्यभर?”

“ती कुठे एकुलती एक होती!”

त्या कोंबाचे मुळांसकट दोन तुकडे निघाले. एक तिने मेपलखाली लावला, दुसरा त्याच्या अंगणात. मग उणे तीसची थंडी आली आणि सगळं बर्फाखाली गडप झालं.

मेमध्ये तिचा कोंब आधी वर आला. पान उलगडलं, निव्वळ निळं. वेंडेलचा दहा दिवसांनी आला, पिवळा, निळ्या काठाचा, आणि या वेळी दोन्ही रंगांच्या मध्ये हिरवी रेघसुद्धा.

“हा तुम्ही घ्या,” तो अवघडून म्हणाला. “झाड तुमचंच आहे.”

“नको. माझा माघारी का फिरला ते मला बघायचंय. तुमचा का नाही फिरला, ते तुम्ही बघा.”

“किती वर्षं बघायचं?”

“पाच तरी.”

“बाई, मी एक्याऐंशीचा आहे.”

“मग खुर्ची आणा.”

तो आत गेला आणि दोन खुर्च्या घेऊन आला.